‘फिजिकल’ घ्या आणि दुसरी बाजू लावा : ऑलिव्हिया न्यूटन-जॉनच्या एका रेकॉर्डविषयी

पॉप गायिका ऑलिव्हिया न्यूटन-जॉनची एकच रेकॉर्ड घ्यायची तर कोणती, असं विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा ‘ग्रीस’ असते. सिनेमा पाहिलेला असतो, जॉन ट्रॅव्होल्टाबरोबरची गाणी तोंडपाठ असतात. ‘ग्रीस’ला माझी ना नाही. पण तो दोन रेकॉर्डांचा, चोवीस गाण्यांचा संच आहे, त्यात गायक पुष्कळ आणि ऑलिव्हिया थोडी. तिला ऐकायचं असेल तर 1981च्या ऑक्टोबरमध्ये आलेली ‘फिजिकल’ घ्या, असं मी सांगते. आणि आणल्यावर पहिल्यांदा दुसरी बाजू लावा.

‘फिजिकल’ हे गाणं कुठे ना कुठे सगळ्यांच्या कानावरून गेलेलं आहे. अमेरिकेत ते 21 नोव्हेंबर 1981ला पहिल्या क्रमांकावर चढलं आणि सलग दहा आठवडे तिथून हललं नाही. ‘फॉरिनर’ या बँडचं ‘वेटिंग फॉर अ गर्ल लाइक यू’ हे सुंदर गाणं त्याच्या मागे नऊ आठवडे दुसऱ्या क्रमांकावर ताटकळलं, आणि ऑलिव्हिया खाली उतरली तेव्हा हॉल अँड ओट्स या जोडीचं गाणं मध्ये घुसलं, त्यामुळे त्याचा नंबर लागलाच नाही. पुढे गाण्यांची क्रमवारी लावणाऱ्या बिलबोर्ड मासिकाने 1982 सालचं सर्वांत मोठं गाणं म्हणून याचीच नोंद केली. इतकं गाजल्यावर बाकीची नऊ गाणी झाकली जाणारच. कपाळाला पट्टी, अंगावर व्यायामाचे कपडे, एवढीच ऑलिव्हिया लोकांच्या लक्षात राहिली. फोनवर ऐकणारा हे एक गाणं ऐकतो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी गाण्याकडे वळतो.

रेकॉर्डवर तसं होत नाही. तिथे ‘फिजिकल’ दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं आहे. ते संपतं, दोन-तीन सेकंद सुई नुसती फिरते, आणि सुरू होतं ‘सिल्व्हरी रेन’. हे गाणं आहे शेतांवर विमानातून फवारल्या जाणाऱ्या कीटकनाशकांबद्दल. ज्या बाईला आपण शरीराची, घामाची, मौजेची गायिका समजत होतो, ती दुसऱ्याच मिनिटाला मेलेल्या पाखरांबद्दल गाते. हा क्रम कोणीतरी विचार करून लावलेला आहे, आणि माझ्या मते हीच या रेकॉर्डची खरी किंमत.

मी गाणं शिकवते, त्यामुळे माझा कान आधी श्वासाकडे जातो. ऑलिव्हियाचा आवाज मोठा नव्हता. बार्ब्रा स्ट्रायसँडसारखी लांबलचक दमसासाची ओळ तिच्याकडून अपेक्षित करू नये. तिचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. ती मायक्रोफोनच्या अगदी जवळ गाते, शब्दाच्या शेवटी थोडा श्वास सुटू देते आणि तो श्वास सुरात ठेवते. नुसती हवा सोडून गाणाऱ्या गायिका खूप आहेत. त्यांचा सूर ओळीच्या शेवटी खाली घसरतो. हिचा घसरत नाही. माझ्या विद्यार्थिनींना हळू आवाजात गायला सांगितलं की त्या सैल गातात. हळू आणि घट्ट कसं गायचं हे दाखवायला मी त्यांना ऑलिव्हिया ऐकवते.

दुसरी गोष्ट तिच्या निर्मात्याची. जॉन फरार हा माणूस तिच्या गाण्यात इतका मिसळलेला आहे की त्याचं नाव न घेता तिच्याबद्दल बोलताच येत नाही. तो तिचाच आवाज तिच्याच आवाजावर पुन्हा पुन्हा चढवत जायचा, तीन-चार थरांचा. तो मागे ऐकू येणारा कोरस म्हणजे बहुतेक ठिकाणी तीच. चांगल्या रेकॉर्डवर हे थर सुटे ऐकू येतात. मधला आवाज सरळ, बाजूचे दोन किंचित मागे. मोबाइलच्या स्पीकरवर त्याचा नुसता लगदा होतो.

फरार तिच्या आयुष्यात आला त्यालाही एक कहाणी आहे. ऑलिव्हिया जन्मली इंग्लंडमध्ये, केंब्रिजला, 26 सप्टेंबर 1948ला. आईचे वडील मॅक्स बोर्न, क्वांटम भौतिकीतले थोर शास्त्रज्ञ. सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून 1935-36च्या सुमारास ते काही महिने बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये येऊन राहिले होते, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. 1954 साली त्यांना नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी नातीचं कुटुंब ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला गेलं. वडील तिथल्या ऑर्मंड कॉलेजचे प्रमुख झाले. घर सगळं विद्वानांचं, आणि धाकटी मुलगी गाण्याच्या मागे. जॉनी ओकीफच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात ती स्पर्धा जिंकली, बक्षीस होतं इंग्लंडची सफर. तिला जायचं नव्हतं, मैत्री, प्रेम सगळं मेलबर्नला होतं. आईने हट्टाने पाठवलं. तिथे पॅट कॅरल या मैत्रिणीबरोबर ‘पॅट अँड ऑलिव्हिया’ नावाने ती गात हिंडली. पॅटचा व्हिसा संपला आणि ती परतली. याच पॅटचं पुढे जॉन फरारशी लग्न झालं. म्हणजे पुढची अनेक वर्षं ऑलिव्हियाची गाणी केली ती तिच्या जिवलग मैत्रिणीच्या नवऱ्याने. त्या तिघांचं एकमेकांवर किती प्रेम होतं ते ऐकताना जाणवतं. इतक्या जवळून आवाज टिपायचा तर गाणाऱ्याचा समोरच्यावर विश्वास लागतो.

सत्तरचं दशक मी भराभर सांगते. 1974ला ब्रायटनच्या युरोव्हिजन स्पर्धेत ती ब्रिटनकडून गायली, चौथी आली. जिंकला तो ‘अॅबा’ हा स्वीडिश बँड. त्याच वर्षी अमेरिकेत ‘आय ऑनेस्टली लव्ह यू’ पहिल्या क्रमांकावर गेलं, त्याला वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचं ग्रॅमी मिळालं. पण त्याच 1974 साली नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक असोसिएशनने (कंट्री म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण ढंगाचं संगीत) तिला वर्षातली सर्वोत्तम गायिका ठरवलं, आणि वादळ उठलं. ऑस्ट्रेलियात वाढलेली, पॉप गाणारी ही मुलगी आमच्या कंट्री संगीतात कशी, म्हणून काही कलाकारांनी चिडून वेगळी संघटनाच काढली. डॉली पार्टनची बहीण स्टेला हिने मात्र ऑलिव्हियाच्या बाजूने एक गाणं केलं. मला स्टेलाचं कौतुक वाटतं. बाहेरून आलेल्या मुलीच्या बाजूने उभं राहायला त्या वेळी हिंमत लागली असणार.

‘ग्रीस’ आली 1978मध्ये. सँडीची भूमिका करायला ती कचरत होती. शाळकरी मुलगी साकारायची आणि स्वतःचं वय अठ्ठावीस. शिवाय 1970मध्ये ‘टूमॉरो’ नावाच्या सिनेमात तिने हात पोळून घेतले होते. म्हणून तिने स्वतःहून स्क्रीन टेस्ट मागितली, ट्रॅव्होल्टाबरोबर उभी राहिली, आणि मगच हो म्हणाली. उच्चार अमेरिकन करण्याऐवजी सँडीलाच ऑस्ट्रेलियन करून टाकलं. शेवटच्या गाण्यातली ती काळी पँट पन्नासच्या दशकातली जुनी होती. तिची चेन तुटलेली, म्हणून रोज ती तिच्या अंगावरच शिवून टाकत. पँट आणि जाकीट 2019च्या लिलावात मिळून 4,05,700 डॉलरना गेले. जाकीट ज्याने घेतलं त्याने ते तिलाच परत आणून दिलं.

1980चा ‘झनाडू’ सिनेमा पडला. इतका पडला की वाईट सिनेमांना दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्कारांच्या कल्पनेला त्याचाही हातभार लागला असं सांगतात. पण त्यातलं ‘मॅजिक’ चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. थोडक्यात, ‘फिजिकल’च्या वेळी ती पडद्यावर फसलेली आणि रेडिओवर जिंकलेली, अशा विचित्र जागी उभी होती.

आता रेकॉर्ड.

कव्हरवरचा फोटो हर्ब रिट्सने काढलेला आहे. मान मागे टाकलेली, केस ओले, कपाळावर पट्टी. तेव्हा तो नावारूपाला येत होता, पुढे मोठमोठ्या गायिकांचे फोटो त्याने काढले. बारा इंची कव्हरवर हा फोटो बघण्यात मजा आहे. सीडीच्या तळहाताएवढ्या डबीत त्याचं काही उरत नाही.

पहिल्या बाजूवर पाच गाणी. ‘लँडस्लाइड’ने दणकून सुरुवात होते, गिटार आणि सिंथेसायझर एकमेकांत गुंतलेले. हे फरारने लिहिलेलं आहे आणि तिच्या आवाजाचे थर कसे रचलेत ते इथे सगळ्यांत स्वच्छ ऐकू येतं. स्पीकरच्या बरोबर मधे बसा. ‘स्ट्रेंजर्स टच’ ठीक आहे. ‘मेक अ मूव्ह ऑन मी’ अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं, खेळकर आहे, पण मला त्यातली चाल लवकर जुनी वाटते. ‘फॉलिंग’ संथ आहे आणि फार छान गायलं आहे. रियाज करणाऱ्या मुलींनी ते ऐकावं, ओळीच्या शेवटचा श्वास सुरात कसा राहतो ते तिथे नीट कळतं. ‘लव्ह मेक मी स्ट्राँग’ने बाजू संपते, तोवर तुम्ही उठून रेकॉर्ड पलटायच्या तयारीत असता. पहिल्या बाजूला मी दहापैकी सात देईन.

दुसरी बाजू. ‘फिजिकल’ स्टीव्ह किपनर आणि टेरी शॅडिक यांनी लिहिलं ते कोणा पुरुष रॉक गायकासाठी. ऑलिव्हियाने ते ध्वनिमुद्रित केलं आणि मग ती घाबरली. आपण फार पुढे गेलो, हे थांबवा, असं तिने मॅनेजरला सांगितलं, पण तोवर गाणं बाहेर पडलेलं होतं. मग तिने त्यावर तोड काढली ती व्हिडिओची. ब्रायन ग्रँटने दिग्दर्शित केलेल्या त्या व्हिडिओत ती व्यायामशाळेत जाडजूड पुरुषांना घाम गाळायला लावते. ती आंघोळीला जाते, परत येते तर सगळे पिळदार झालेले. आणि शेवटी ते एकमेकांचे हात धरून निघून जातात. तिच्याबरोबर टेनिस खेळायला जातो तो एकटा उरलेला जाडा. 1981 साली हा शेवट काही वाहिन्यांना पचला नाही, त्यांनी तो कापला. गाण्यातली चावट बाजू तिने हसण्यावारी नेली, आणि तरी तिला जे दाखवायचं ते दाखवलंच. हा व्हिडिओ ज्यात होता त्या तिच्या व्हिडिओंच्या संग्रहाला पुढे 1983मध्ये ग्रॅमी मिळालं, तिचं चौथं.

व्हिडिओ बाजूला ठेवून नुसतं ऐका. कडव्यात ती खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी गाते. हे तिचं नेहमीचं घर नाही, तिला वर गायला आवडतं. खाली ती आवाज जड करत नाही, तो हलकाच ठेवते, त्यामुळे शब्दांत जे आहे ते भडक होत नाही. मुखड्यावर थर चढतात आणि मधे स्टीव्ह ल्यूकाथरची गिटार येते, ‘टोटो’ बँडमधला तोच. तिच्या ‘स’ उच्चाराकडे लक्ष द्या. सुई झिजलेली असेल तर तो ‘स’ इथे फुटतो, चरचरतो. माझे धाकटे दीर टर्नटेबल आणि अँप्लिफायर दुरुस्त करतात. मी त्यांच्याकडे या रेकॉर्डची तक्रार घेऊन गेले की ते एकच वाक्य म्हणतात, “वहिनी, आधी सुई बघा, मग ऑलिव्हियाला बोला.” त्यांनी सुईचा कोन पुन्हा बसवून दिला आणि तो ‘स’ रेशमासारखा झाला.

आणि मग ‘सिल्व्हरी रेन’. हे हँक मार्व्हिनचं गाणं, ‘द शॅडोज’चा गिटारवाला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मार्व्हिन आणि फरार एकाच त्रिकुटात गात होते, तेव्हापासूनचं हे गाणं आहे. म्हणजे दहा वर्षं जुनं. नव्या, चकचकीत, नाचऱ्या अल्बममध्ये ते घ्यायची काही गरज नव्हती. ‘फिजिकल’नंतर तर कोणताही हिशेबी माणूस आणखी एक नाचाचं गाणं ठेवील. इथे कीटकनाशक येतं. वरून चांदीसारखा पाऊस पडतोय, आणि खाली जे जिवंत होतं ते मरतंय. ती हे रडत गात नाही. साधं, थोडं थंड गाते, आणि म्हणून ते बोचतं. या अल्बमवरचं माझं सर्वांत आवडतं गाणं हेच.

‘कॅरीड अवे’ बॅरी गिब आणि अल्बी गॅलुटन यांचं. बॅरीच्या बी जीज बँडची उंच, लांबत जाणारी चाल लगेच ओळखू येते. सुरेख आहे, पण त्यात ती थोडी बॅरी गिबसारखी गाते, आणि मला ती स्वतःसारखी गाताना हवी असते. ‘रिकव्हरी’ मी सहसा ऐकते आणि विसरते.

शेवटचं गाणं ‘द प्रॉमिस’, कंसात ‘द डॉल्फिन साँग’. हे तिने स्वतः लिहिलं आहे. 1978मध्ये ट्यूना माशांच्या जाळ्यात अडकून मारल्या जाणाऱ्या डॉल्फिनसाठी तिने जपानचा दौरा रद्द केला होता. जपान सरकारने लक्ष घालायचं कबूल केल्यावरच तो पुन्हा आखला. तेव्हा ती ‘ग्रीस’मुळे कीर्तीच्या शिखरावर होती आणि जपान तिच्यासाठी मोठी बाजारपेठ. तिने तो शब्द इथे गाण्यात दिला आहे. गाणं संथ, हळू, जवळजवळ अंगाईसारखं. साठ लाख वेळा ऐकलेल्या ‘फिजिकल’ची हीच बाई का, असा प्रश्न पडेल, आणि याच बाजूवर पहिलं आणि शेवटचं गाणं म्हणून दोघी एकत्र राहतात.

इथे रेकॉर्ड म्हणून एक अडचण आहे, ती विकत घेणाऱ्याला माहीत असायला हवी. रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, काठावर असो की मध्याजवळ. पण काठावर सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम 20-22. म्हणजे तेवढाच आवाज अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. त्यामुळे शेवटच्या गाण्यात सुई आधी डळमळते, ‘स’ आधी चरचरतात, आणि गाणं हळू असेल तर प्रत्येक खरखर मोठी ऐकू येते. ‘द प्रॉमिस’ नेमकं तिथे आहे. सगळ्यांत नाजूक गाणं सगळ्यांत वाईट जागी. त्या काळच्या खूपशा अल्बमचा शेवट असाच शांत गाण्याने व्हायचा, पण याच्याइतकं मला दुसरीकडे कुठे खटकलेलं नाही.

एका ऑनलाइन विक्रेत्याने मला ‘जवळजवळ नवी’ म्हणून पाठवलेली प्रत नेमकी तिथे ओरखडलेली निघाली. पहिल्या बाजूला एक रेघ नाही, आणि डॉल्फिनच्या गाण्यात टक-टक-टक. कव्हरचे फोटो सगळ्या बाजूंनी दिले होते, रेकॉर्डच्या पृष्ठभागाचा एकही नव्हता. पैसे परत मागितले तेव्हा “अहो, मुख्य गाणं तर व्यवस्थित वाजतंय ना,” असं उत्तर आलं. मला त्याचा राग अजून आहे. विकत घेणारा फक्त एकाच गाण्यासाठी घेतो असं गृहीत धरून माल विकायचा, ही काही रीत नव्हे.

नंतर मिळालेली प्रत अमेरिकन एमसीए कंपनीची, 1981चीच. ती स्वच्छ धुतल्यावर सुरेख वाजते. खर्ज भरलेला, वरचे सूर मोकळे. अमेरिकेत हा अल्बम वीस लाखांवर गेला, त्यामुळे जुन्या प्रती जगभर भरपूर फिरत आहेत आणि दुर्मिळ म्हणून कोणी चढी किंमत सांगत असेल तर देऊ नका.

नव्यात काय आहे? 2021मध्ये चाळीस वर्षं झाल्यानिमित्त दोन सीडी आणि एका डीव्हीडीची आवृत्ती निघाली. तिच्यात मूळ दहा गाणी नव्याने साफ केलेली, ‘हार्ट अटॅक’, ‘ट्विस्ट ऑफ फेट’ अशी त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली गाणी, आणि काही रीमिक्स. रीमिक्स मी ऐकून ठेवून दिले. पण डीव्हीडी बघाच. तिच्यावर व्हिडिओंचा तो संग्रह आहे आणि 1982चा मंचावरचा कार्यक्रम आहे, यूटा राज्यातल्या ऑगडेनमधला. यूटातल्याच काही रेडिओ केंद्रांनी ‘फिजिकल’ वाजवायला नकार दिला होता, आणि वर्षभरात तिथल्याच सभागृहात भरगच्च श्रोत्यांसमोर ती ते गाते. स्टुडिओतले थर मंचावर नाहीत. एकच आवाज, धावत-नाचत, आणि सूर जागच्या जागी. तिला ‘स्टुडिओत बनवलेली गायिका’ म्हणणाऱ्यांना मी हे दाखवते.

सीडीवर ‘द प्रॉमिस’ला कसलीच अडचण नाही, हेही सांगायला हवं. तिथे आत-बाहेर असं काही नसतं. शेवटचं गाणं इतकं स्वच्छ ऐकून मी पहिल्यांदा गलबलले होते.

या गाण्याचं पुढे काय झालं ते तिच्या आयुष्यातच दिसतं. 1983मध्ये तिने आणि पॅट फरारने लॉस एंजेलिसच्या मेलरोज अॅव्हेन्यूवर ‘कोआला ब्लू’ हे ऑस्ट्रेलियन कपड्यांचं दुकान काढलं. त्याच्या शाखा निघाल्या, आणि नव्वदच्या सुरुवातीला धंदा बुडाला. दरम्यान ‘झनाडू’च्या वेळी भेटलेल्या मॅट लॅटँझीशी लग्न, 1986ला मुलगी क्लोई. 1992च्या जुलैमध्ये वडील गेले, आणि त्याच शनिवार-रविवारी तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं. तपासण्यांत आधी काही दिसलं नव्हतं, पण तिला स्वतःला गाठ जाणवत होती आणि ती अडून बसली. आपल्या शरीरावर विश्वास ठेवा, हे ती पुढची तीस वर्षं बायकांना सांगत राहिली. आमच्या घरातही हा आजार येऊन गेलेला आहे, त्यामुळे तिचं हे अडून बसणं मला तिच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं.

बरी झाल्यावर 1994मध्ये तिने ‘गाया’ हा अल्बम केला, त्यातली गाणी तिने स्वतः लिहिली. आजारपण, पृथ्वी, जंगलं, सगळं त्यात आहे. ‘द प्रॉमिस’ ऐकलेलं असेल तर ‘गाया’ अचानक आलेला वाटत नाही. पुढे मेलबर्नच्या ऑस्टिन हॉस्पिटलमध्ये तिच्या नावाचं कर्करोग केंद्र उभं राहिलं, त्यासाठी पैसे जमवायला 2008मध्ये ती चीनच्या भिंतीवर चालली. केंद्र 2012मध्ये सुरू झालं. उपचारांबरोबर गाणं, चित्रकला, मालिश, योग अशा गोष्टी रुग्णांना तिथे मिळाव्यात हा तिचा आग्रह होता. आजार 2013मध्ये आणि 2017मध्ये परत आला. 8 ऑगस्ट 2022ला कॅलिफोर्नियातल्या घरी ती गेली, वय 73.

तेव्हा बातम्यांत सगळीकडे काळी पँट आणि कपाळावरची पट्टी दाखवत होते. मला तेव्हाही वाटलं की कोणी तरी ‘सिल्व्हरी रेन’ वाजवायला हवं होतं.

आता घ्यायचं काय ते स्पष्ट सांगते. टर्नटेबल असेल आणि सुई बरी असेल तर 1981ची जुनी रेकॉर्ड घ्या. कव्हर आणि दुसऱ्या बाजूचा क्रम यासाठी ती हवीच. टर्नटेबल नसेल, किंवा घरात कोणी गाणं शिकत असेल, तर 2021ची आवृत्ती घ्या, डीव्हीडीसकट. फोनवरच ऐकणार असाल तर निदान सहाव्या गाण्यापासून दहाव्यापर्यंत एका दमात ऐका आणि गाणी उलटसुलट लावणारं ते बटण बंद ठेवा. दुसऱ्या बाजूला माझे दहापैकी नऊ, एक गुण ‘रिकव्हरी’साठी कापला आहे.

जुनी प्रत मागवताना कव्हरचे फोटो बघून भुलू नका. विक्रेत्याकडे दुसऱ्या बाजूचा, लेबलाजवळच्या शेवटच्या गाण्याचा, दिव्याखाली तिरका धरून काढलेला फोटो मागा. तो पाठवायला कोणी कां-कूं करत असेल तर तिथून घेऊ नका.